सिस्टरच हवी

परळ,
८ जानेवारी २०२४

प्रिय सिस्टर ब्रिजिता,

पाय कसा आहे, हे विचारून पत्र सुरू करायची रीत आहे. पण माझा राग आधी सांगते, पाय नंतर विचारते.

तुम्ही शाळेच्या जिन्यावरून पडलात, वसईला तुमच्या मठात जाऊन पलंगाला खिळलात, इथवर समजलं. पण जाताना मोबाइलसुद्धा सुचित्रा गमरेच्या हातात ठेवून गेलात, हे काल समजलं. मी फोन लावते तर तीच उचलते. "मयेकर बाई, सिस्टर विश्रांती घेतायत. शाळेचं काही असेल तर मला सांगा." मला सांगा म्हणे. मी सेंट युलालियात पाचवीत आले तेव्हा हिचा जन्म नव्हता. तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाले. ही माझ्याच वर्गात फळा पुसायची, आता तिथेच शिक्षिका झाली म्हणून काय झालं. म्हणून आता पत्र. तुमचा भाऊ इनास दादरला फुलं घेऊन येतो, त्याच्या टोपलीवर ठेवून देते. ती काही सुचित्रा उघडून बघणार नाही.

आता मुद्दा. मे महिन्यात तुम्हाला अठ्ठावन्न पूर्ण होतात आणि सरकारी नियमाने मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडावी लागते. एकोणीस वर्षं झाली. बरं. पण शाळेत बोललं जातंय की पुढची मुख्याध्यापिका सिस्टर नसेल, सुचित्राच असेल. हे खरं आहे का?

मी तिच्या वाईटावर नाही. पण तुम्ही गेल्यापासून ती काय करते ते ऐका. आपली पद्धत तुम्हीच घातलेली: मुलीचा दाखला काढून न्यायला कोणी आलं, तर त्या दिवशी द्यायचा नाही. आधी मुलीच्या घरी जायचं, चहा प्यायचा, काय अडलंय ते बघायचं. परवा आठवीतल्या प्राचीचा बाप आला. चाळ पाडायला घेतली, बिऱ्हाड डोंबिवलीला हलवलं, दाखला द्या म्हणाला. सुचित्रा त्याच्या घरी गेली नाही. त्यालाच वर्गात नेऊन पोरीच्या बाकावर बसवलं, भूगोलाच्या तासाला. राजेश त्याचं नाव, कुरिअरचं काम करतो. गुडघे बाकात मावत नव्हते बिचाऱ्याचे. पोरी पदर तोंडाला लावल्यासारख्या हसत होत्या. हा काय तमाशा.

सिस्टर, त्या खुर्चीत मी जन्मभर सिस्टरांचा झगा बघितला आहे. झगा बघितला की नगरसेवक खालच्या आवाजात बोलतो, बिल्डर फाटकाबाहेर थांबतो. साडीतल्या बाईला कोण थांबतं? आम्ही माजी विद्यार्थिनी गप्प बसणार नाही. नर्सिंगला असलेली आपली प्रिती आहे ना, तिने ग्रुप काढलाय. नाव ठेवलंय 'सिस्टरच हवी'. सह्या गोळा होतायत, पहिली सही माझी.

पाय कसा आहे? काढा पाठवला आहे. कडू आहे, पण प्या.

तुमची,
बकुळा मयेकर

---

वसई,
१७ जानेवारी

प्रिय बाई,

पत्र मिळालं, काढा मिळाला. इनास म्हणाला, चाफ्याच्या टोपलीला आलं-मिऱ्याचा वास लागला, गिऱ्हाईक विचारत होतं ही कुठली नवी जात.

पाय जोडतोय. खिडकीतून मोगऱ्याचा वाफा दिसतो आणि आमच्या वयस्कर सिस्टरांची भांडणं ऐकू येतात. मी इथे सर्वांत तरुण आहे, यावरून काय ते समजा.

मोबाइल मी मुद्दाम ठेवून आले. माझ्याजवळ असता तर घंटा कोणी द्यायची, हेसुद्धा मला विचारलं असतं.

बाई, सह्यांचं थांबवाल का? मी आज्ञा करू शकत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात. विनंती करते. पुढच्या मुख्याध्यापिकेबद्दल माझं आमच्या संस्थेच्या प्रमुख मदर प्रोव्हिन्शियलशी बोलणं चालू आहे. त्याहून जास्त लिहिण्याची मला मुभा नाही. विश्वास ठेवा.

आणि प्राचीचा बाप. बाकावर बसला, पोरी हसल्या, ते सगळं कळलं. पण तो दाखला घेऊन गेला का, हे तुम्ही लिहिलं नाही.

येशू तुमचं भलं करो.

ब्रिजिता

---

परळ,
१ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर,

"लिहिण्याची मुभा नाही." हे वाक्य वाचलं आणि मला सगळं समजलं. तुमच्या तोंडाला कुलूप घातलंय. तुम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, मी नाही घेतलं. तुम्ही थांबा म्हणालात म्हणजे कोणीतरी तुमच्याकडून म्हणवून घेतलं. तेव्हा आम्ही थांबलो नाही.

काल आम्ही मदर प्रोव्हिन्शियलना भेटून आलो. मी, प्रिती आणि टॅक्सीत मावल्या तेवढ्या. जुन्या मुलींच्या सह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला तर मदरना चष्मा बाजूला सरकवावा लागला. काय बाई आहे, किती नम्र. स्वतः उठून केक कापला. म्हणाल्या, "तुमचं शाळेवरचं प्रेम पाहून भरून आलं." मग विचारलं, "म्हणजे सिस्टरशिवाय ही शाळा सेंट युलालिया राहणार नाही, असं तुमचं सर्वांचं मत आहे ना?" मी म्हटलं, अगदी हेच. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, मदर, लिहून देते. आणि तिथल्या तिथे लिहून दिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात: 'सिस्टर नसेल तर ती आमची शाळा नव्हे.' खाली सही.

येताना प्रिती म्हणाली, "बाई, तुम्ही काय फाडलं तिथे." मी म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय आपण, फाडायचं नाही, नीट घडी घालून द्यायचं.

आता बिनघोर झोपा. सुचित्राला कोणीतरी समजावलं पाहिजे, ते मी करीन.

बकुळा

---

वसई,
६ फेब्रुवारी

बाई,

हे पत्र मी दोनदा लिहून टाकून दिलं. हे तिसरं. मुभा नसताना लिहिते आहे.

आमच्याकडे सिस्टर नाही. कोणीही नाही. नव्या मुली येत नाहीत. ज्या आहेत त्यांतल्या निम्म्या माझ्यासारख्या काठी घेऊन चालतात. बाकीच्यांपैकी मराठी माध्यमाची पदवी, बीएड आणि मुख्याध्यापिका होण्याइतका अनुभव असलेली एकही नाही. मदरच्या सल्लागार मंडळात काही जणींचं म्हणणं वर्षभरापासून आहे की येत्या जूनपासून पाचवीचा प्रवेश बंद करावा, शाळा एकेक इयत्ता मिटवत न्यावी आणि इमारत संस्थेच्या इंग्रजी शाळेला द्यावी. मी म्हणत होते, सुचित्राला नेमा. वर्षभर भांडून मदरना अर्ध्यापर्यंत आणलं होतं. त्या म्हणत, "पण लोक स्वीकारतील का?" मी म्हणत होते, स्वीकारतील, मी परळ ओळखते.

आणि तुम्ही जाऊन लिहून दिलंत.

मदर वाईट नाहीत. त्यांनी नुसता तुमचा कागद मंडळापुढे ठेवला. लोकच म्हणतात सिस्टरशिवाय शाळा नको, आणि सिस्टर आपल्याकडे नाही, तर मग प्रश्न सुटला. इतकं सोपं झालं ते. चोवीस फेब्रुवारीला, शनिवारी, मदर शाळेत पालकांना भेटायला येणार आहेत. विचारायला नव्हे, सांगायला.

मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला शिकवलं होतं, की मुलीला ओरडण्याआधी तिचं ऐकून घ्यावं. मी थांबा म्हणाले होते. तुम्ही माझं ऐकून घेतलं नाहीत.

ब्रिजिता

---

परळ,
१३ फेब्रुवारी

सिस्टर,

तुमचं पत्र वाचून त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण भांडायचं तर अंगात ताकद लागते.

माफी मागण्यात शाई घालवत नाही. जे मी बांधलं ते मीच सोडणार. पण एक बोलते, मग पुढे जाते. हे मला जानेवारीत सांगितलं असतंत तर? मुभा, मुभा. तुमच्या त्या मुभेने शाळा बुडत होती. गप्प बसण्याला तुम्ही पुण्य म्हणता, मी म्हणत नाही.

तर मी सुचित्राकडे गेले. मधली सुट्टी होती. ती तुमच्या खुर्चीत बसली नव्हती, शेजारी स्टूल टाकून दहावीच्या पोरींची हॉलतिकिटं तपासत होती. मी सगळं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. मान वर न करता म्हणाली, "बसा, बाई. सह्यांच्या ग्रुपमध्ये माझी पुतणीपण आहे. मी रोज वाचते."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? माझ्याबद्दल मीच?" मग तिने मान वर केली. "एक विचारू? झगा नाही म्हणून नको होते, की बीडीडी चाळीतली म्हणून?"

सिस्टर, मला राग आला. मी जातपात मानत नाही, हे सगळ्या परळला ठाऊक आहे. तोंडावर आलं होतं की तुझी फी कोणी माफ करून आणली होती, विचार तुझ्या आईला. पण आलं नाही बाहेर. मी म्हटलं, "दोन्ही नाही. सवय गं. त्या खुर्चीत दुसरं कोणी बघायची सवय नाही."

ती म्हणाली, "बाई, सवयच म्हणतात त्याला."

पुढे तिने मला चहा दिला आणि मी प्याले. दुसरं काय करणार होते?

तुम्ही विचारलं होतं, उत्तर चुकवलं होतं मी. तो राजेश दाखला घेऊन गेला नाही. तासाला भूगोलाच्या बाईंनी नकाशात दख्खनचं पठार दाखवायला पोरीला उभं केलं, ती दाखवून खाली बसली, आणि हा माणूस तास संपल्यावर सुचित्राला म्हणाला, "राहू दे, मॅडम. डोंबिवलीहून आणतो तिला मी. माझी कामाची वेळ तशीच आहे." घरी जाऊन चहा प्यायला असता तर तो चहा पाजून दाखलाच घेऊन गेला असता, असं सुचित्राचं म्हणणं. आता बिऱ्हाडंच इतकी लांब गेली, की चहा प्यायला जाईपर्यंत मुलगी दुसऱ्या शाळेत गेलेली असते.

मी आता जिने चढते आहे. ज्या ज्या दारी सही घेतली, त्या त्या दारी. प्रितीने तोंडावर सुनावलं, "बाई, तुम्हीच पेटवलंत आम्हाला, आता तुम्हीच पाणी ओता." मी म्हटलं, ओतते, बादली धर.

चोवीसला तुम्ही या. काठी घेऊन या, खुर्चीत बसवून आणते. तुम्ही उभ्या राहिलात तर मंडळाची छाती होणार नाही.

बकुळा

---

वसई,
१६ फेब्रुवारी

प्रिय बाई,

परवा राखेचा बुधवार होता. कपाळावर राख लावून घेताना तुमची आठवण आली. तुम्ही लहानपणी ती राख पुसू न देता घरी न्यायचात आणि आजीकडून धपाटा खायचात, हे तुम्हीच सांगितलेलं.

मी येणार नाही. मदरनी येऊ नकोस म्हटलंय, आणि मी आज्ञा पाळते. तुम्ही चिडाल. चिडा. पण मदरनी येऊ दिलं असतं तरी मी आले नसते, आणि त्याचं कारण व्रत नाही. मी तिथे उभी राहिले तर लोक झग्याकडे बघून हो म्हणतील. मग तुमचा कागदच खरा ठरतो.

लोक म्हणतात, सिस्टर ब्रिजिताने एकोणीस वर्षं शाळा धरून ठेवली. धरून ठेवली असती तर माझ्याबरोबर पडली असती. तुम्हाला एक सांगते, हसू नका. दर जानेवारीत मी पंधरवडाभर आजारी पडायची, आठवतं? ताप, कधी पित्त, कधी कंबर. तुम्ही काढे पाठवायचात. बाई, मला काही झालेलं नसायचं. मी खोलीत बसून पुस्तकं वाचायची आणि खाली सुचित्रा शाळा चालवायची. पहिल्या वर्षी वेळापत्रकाचा विचका झाला, निरीक्षक आले तेव्हा तिला रडू कोसळलं. मी वर ऐकत होते, खाली गेले नाही. पुढच्या वर्षी रडली नाही. तिसऱ्या वर्षी निरीक्षकांनाच तिने ताटकळत ठेवलं. दर वर्षी कन्फेशनला मी हे खोटं सांगायची आणि फादर दर वर्षी तीच शिक्षा द्यायचे, दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायचं. मला परवडायचं.

या वर्षी देवानेच पाय मोडला. खोटं बोलायचा कंटाळा आला असेल त्याला.

सुचित्राला पाठिंबा द्यायला लावू नका कोणाला. लोकांना बोलू द्या. तुम्ही मात्र कमी बोला.

ब्रिजिता

---

परळ,
२६ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर,

म्हणजे माझे सगळे काढे वाया गेले. त्याचा हिशेब नंतर करू.

कमी बोला, असं लिहिलं होतंत. मी प्रयत्न केला. शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मदर, त्यांच्या मंडळाच्या दोघी सिस्टर, आणि समोर आया, बाप, आज्या. माझ्या सहीवाल्या निम्म्याहून जास्त आल्या होत्या. काही माझ्याकडे बघत नव्हत्या. सुचित्रा मागच्या दाराशी उभी. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, "मी यजमान आहे बाई, पाण्याचं बघते."

मदरनी छान भाषण केलं. संस्थेची शंभर वर्षांची सेवा, बदलता काळ. मग कागद हातात घेतला. म्हणाल्या, "तुमच्याच शाळेच्या ज्येष्ठ शिक्षिकेने लिहून दिलं आहे..."

मी उठले. "मदर, ते अक्षर माझं आहे. ती सही खोडायला आले आहे."

"असं खोडता येत नाही, मयेकर बाई. तुम्ही पूर्ण विचार करून लिहिलं होतं."

"विचार करून नाही, केक खाऊन लिहिलं होतं." हॉलमध्ये हशा झाला. मदरपण हसल्या, तेवढं त्यांचं कौतुक. मी म्हटलं, "खोडता येत नसेल तर त्याच्याखाली दुसरं लिहिते. सिस्टर आहे म्हणून ही शाळा नाही. ही शाळा आहे म्हणून इथल्या सिस्टरला मान आहे. तारीख आजची." आणि खरोखर पुढे जाऊन लिहिलं. त्यांनी कागद मागे घेतला नाही.

मंडळातल्या एक सिस्टर म्हणाल्या, "हे तुम्ही म्हणता. उद्या कॅथलिक शाळेत कॅथलिक नसलेली मुख्याध्यापिका बसली, तर हेच पालक मुली काढून नेतील."

मी तोंड उघडलं होतं. तुमचं वाक्य आठवलं आणि मिटलं. सिस्टर, आयुष्यात इतकं जड काम केलं नव्हतं. मला वाटलं, बुडालो.

मग कॉटन ग्रीनची मालन उठली, मनूची आई, भाजीची गाडी लावते ती. "मदर, मी काय बोलू? माझी पोर दोन वेळा नापास झाली. या गमरे बाईंनी तिला मारली नाय, नि सोडली पण नाय. त्या साडी नेसतात का झगा घालतात, ते मी कशाला बघू? मी प्रगतिपुस्तक बघते."

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि पाचवी बंद केलीत तर माझी धाकटी कुठे घालू?" मग एकदम सगळीकडून. एक आजी विचारत होती, पाचवीचे फॉर्म मिळणार कधी, तेवढं सांगा, मला जायचंय. प्रिती उठली. ती माझ्यावर अजून रागावलेली आहे. तरी म्हणाली, "ग्रुपचं नाव मी काल बदललं. नवीन नाव सांगत नाही, मदरना लागेल."

मदर सुचित्राकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

सुचित्रा म्हणाली, "मदर, दहावीच्या मुलींची परीक्षा शुक्रवारपासून आहे. हा हॉल अकरा वाजता रिकामा करून हवा. बाकं लावायची आहेत."

सिस्टर, त्या क्षणी मला तिचा इतका राग आला. मदरना उठवते म्हणजे काय. मग बघते तर मदर घड्याळ बघून खरंच उठल्या.

निर्णय कळवू म्हणाल्या. मी वाट बघते आहे, शांतपणे नाही.

बकुळा

---

वसई,
१२ मार्च

प्रिय बाई,

निर्णय झाला. पाचवीचा प्रवेश सुरू राहील. सुचित्रा गमरे यांची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक, एका वर्षासाठी, तात्पुरती. त्यानंतर मंडळ पुन्हा विचार करील.

मदरनी मला स्वतः सांगितलं. 'तात्पुरती' हा शब्द मंडळातल्या एका सिस्टरने आग्रहाने घातला. मला वाईट वाटलं, पण मी काही बोलले नाही.

मे महिन्यानंतर मी तलासरीला मुलींच्या वसतिगृहात जाईन. पाय चालेल म्हणतात.

ब्रिजिता

---

परळ,
१५ मार्च

प्रिय सिस्टर,

तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी मदरना फोन केला. त्यांनी स्वतः उचलला. मी अभिनंदन केलं, आभार मानले, सगळं रीतसर. मग म्हटलं, मदर, तो एक शब्द मला आवडला नाही.

त्या म्हणाल्या, "बाई, एक वर्ष तर मिळालं. पुढचं पुढे."

मी म्हटलं, आभारी आहे. फक्त एक लक्षात असू द्या. सिस्टर ब्रिजिताला तुमच्या आधीच्या मदरनी इथे पाठवलं, तेव्हा त्या पत्रातही हेच होतं. एका वर्षासाठी, तात्पुरती. ते पत्र मुलींसमोर मीच वाचून दाखवलं होतं.

मग मदर म्हणाल्या, "बाई, तुमचं वय काय?"

मी म्हटलं, सदुसष्ट. आणखी एकोणीस वर्षं मोजायला पुरे आहे.

बकुळा मयेकर